क्रेस्तिया आणि निवळकर

रविवार, १५ जानेवारी १९७८, मनामा, बहारीन

स्टेशनरीच्या कपाटातून ही जाड वही मागून घेतली. शॉर्टहँड लिहून लिहून माझं मराठी अक्षर बिघडत चाललंय, ते सुधारावं हा एक हेतू. दुसरा असा की आजपासून माझ्याकडे एक वेगळं काम आलं आहे आणि त्याची नोंद राहावी.

आमचे चीफ इंजिनियर मस्यू क्रेस्तिया ऑक्टोबरात निवृत्त होऊन फ्रान्सला परत जाणार. सित्र्याला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा जो कारखाना आमची कंपनी उभारते आहे, तो त्यांच्याच हाताखाली. त्याआधी त्यांना आपल्या आडनावाचा इतिहास लिहून पूर्ण करायचा आहे. मुलगी कॅनडात, नातवंडांना फ्रेंच येत नाही, म्हणून तो इंग्रजीत हवा. रोज साडेतीन ते साडेचार ते सांगणार, मी घेणार, दुसऱ्या दिवशी टाइप करून देणार.

हे काम कंटाळवाणं तर वाटणार नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला, तेव्हा एका पूर्ण शाखेची माहिती मी गोळा केली होती. अकरा पिढ्या, एकही जागा रिकामी नाही. साहेबांनी मान हलवली. मग माझ्या फाटक या आडनावाचा अर्थ विचारला. गेट, असं मी म्हणालो. ते हसून म्हणाले, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते तुम्ही ठरवता. मीही हसलो.

शुक्रवार, २० जानेवारी

सुट्टी. निवळकर जेवायला आला होता. हेमचंद्र निवळकर आमच्याच साइटवर ड्राफ्ट्समन आहे, वय एकतीस, अविवाहित, मूळचा रत्नागिरीकडचा. दर शुक्रवारी आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटवर जेवतो. मागच्या ऑगस्टात माझ्या बायकोला, शुभदाला टायफॉइड झाला, तेव्हा हा शिफ्ट संपली की बर्फाची लादी घेऊन तीन मजले चढून यायचा. तेव्हापासून ती त्याला घरचाच समजते.

आई गेल्यावर धाकट्या बहिणीला, मेधाला मी इकडे आणली त्याला वर्ष झालं. सव्वीस पूर्ण झाली. बालवाडीत शिकवते, पण व्हिसा माझ्यावर आहे आणि जबाबदारीही माझीच. आज निवळकर तिला नकाशा कसा वाचायचा ते समजावून सांगत होता आणि ती वाढायचं विसरून ऐकत होती. मुलगा निर्व्यसनी आहे, पगार बरा आहे. निवळकर म्हणजे आपल्यातलेच असणार, पुण्याला आमच्या ओळखीचे एक निवळकर वकील होते. विचार करायला हरकत नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण झालं. चौदा पानं. साहेबांचं गाव बेआर्न नावाच्या डोंगराळ प्रांतात आहे आणि तिकडच्या जुन्या बोलीत क्रेस्तिया म्हणजे ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांनी सांगितलेली हकीकत अशी: घराण्याचा मूळपुरुष धर्मयुद्धात लढायला जेरुसलेमला गेला, परत आला, आणि गावानं त्याला मानानं ‘ख्रिस्ती’ म्हणायला सुरुवात केली. साहेबांनी ढालीचं एक चित्रही काढून घेतलंय, मुखपृष्ठासाठी.

माझ्या मनात एक शंका आली आणि मी ती अदबीनं विचारली. सगळं गावच जर ख्रिस्ती होतं, तर एकाच घराला ख्रिस्ती का म्हणत होते? साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले की प्रश्न चांगला आहे, हा मला कधी पडला नाही. पो शहरातल्या सरकारी दप्तरखान्याला पत्र लिहायचं ठरलं. पत्र त्यांनी स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

पो शहरातून जाड पाकीट आलं. साहेबांनी उभ्यानंच ते फोडलं, वाचता वाचता खाली बसले, आणि मला दार लावून जायला सांगितलं. आज डिक्टेशन नाही.

शनिवार, ४ मार्च

आजही नाही. ढालीचं चित्र टेबलावरून गेलंय.

मंगळवार, १४ मार्च

आज सुरुवात झाली. साहेब म्हणाले, “ती चौदा पानं फाडून टाका.” मी त्यांच्यासमोर फाडली.

त्यांच्या प्रांतात कागो नावाचे लोक होते. त्यांनाच ‘ख्रिस्ती’ म्हणत, का ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. दिसायला इतरांसारखेच, भाषा तीच, देव तोच. तरी त्यांची घरं गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. चर्चमध्ये त्यांच्यासाठी वेगळं दार, इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागे. तीर्थ द्यायचं ते लांब काठीच्या टोकानं. कपड्यांवर लाल कापडाचा बदकाच्या पायाच्या आकाराचा तुकडा लावायचा, म्हणजे लांबूनच ओळखू यावं. गावच्या झऱ्याला हात लावायचा नाही. अनवाणी चालायचं नाही, वाट विटाळेल. काम एकच, सुतारकी. ज्या चर्चचं छप्पर त्यांनी घातलं, त्याच्या मोठ्या दारातून त्यांना जाता येत नसे. मुलांचा बाप्तिस्मा दिवस मावळल्यावर, घंटा न वाजवता. क्रेस्तिया हे नाव त्यांना लोकांनी चिकटवलेलं. साहेबांच्या घराण्यातले नऊ पुरुष ओळीनं सुतार होते.

लिहिताना माझे डोळे भरून आले. माणसं माणसांशी इतकं निर्दयपणे कसं वागू शकतात? काठीच्या टोकानं तीर्थ, हे तर मला दिवसभर आठवत राहिलं.

साहेबांनी विचारलं, “मिस्टर फाटक, तुमच्या देशात असे लोक होते ना?”

“होते, सर. १९५० पासून कायद्यानं ते बंद झालं.”

“आणि घरात?”

“घरात तो प्रश्नच येत नाही, सर.”

मग त्यांनी दप्तरखान्याच्या माणसानं हे कसं शोधून काढलं ते सांगितलं. ती रीत मी इथे उतरवून ठेवतो, उपयोगी आहे. नाव माणूस बदलू शकतो. म्हणून नाव विचारायचं नाही. घर गावात कुठे होतं ते विचारायचं, आणि उत्सवाच्या दिवशी घरचे लोक कुठे उभे राहत ते विचारायचं.

शुक्रवार, २४ मार्च, होळी

शुभदानं पुरणपोळ्या केल्या. निवळकर आला होता. बोलता बोलता मी सहज विचारलं, तुमचं घर निवळ गावात नेमकं कुठे? वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, असं तो म्हणाला. मी शिमग्याचा विषय काढला. कोकणात ग्रामदेवतेची पालखी घरोघर नाचवत आणतात, ती तुमच्या घरी कितव्या दिवशी येते?

त्यानं पोळीवर तूप घेतलं. मग म्हणाला, “आम्ही बघायला जायचो. लांबून छान दिसते.”

मेधानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे काही विचारलं नाही. जेवण मात्र मला गेलं नाही.

शनिवार, २५ मार्च

माझा मावसभाऊ बापू जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यात आहे. त्याला पत्र टाकलं: निवळच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहून हेमचंद्र निवळकर याची नोंद उतरवून पाठव, साल अंदाजे १९५३. मी कोणावर आरोप करत नाही. ही फक्त चौकशी आहे.

मंगळवार, ११ एप्रिल

संध्याकाळी निवळकर इस्त्रीचे कपडे घालून आला. मेधा आतल्या खोलीत गेली, तेव्हाच मी ओळखलं. त्यानं सरळ मागणी घातली. म्हणाला, मला विचारायला वडीलधारं कोणी नाही, म्हणून मीच आलो. आणि त्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे.

मी त्याला बोलू दिलं नाही. आधी चहा घ्या, म्हटलं. मग ऑफिसचं काहीबाही काढलं. त्यानं दोनदा पुन्हा सुरुवात केली, दोन्ही वेळा मी विषय बदलला. बापूचं पत्र यायचंय. यानं आपण होऊन सांगितलं असतं, तर त्याला फसवणूक म्हणता आलं नसतं. महिन्याभरात कळवतो, असं सांगून त्याला वाटेला लावलं. जाताना तो मला वाकून नमस्कार करून गेला.

गुरुवार, २७ एप्रिल

बापूचं पत्र आलं. रजिस्टरात आडनाव वेगळंच आहे. निवळकर हे नाव बापानं १९५८ साली सरकारी गॅझेटात रीतसर जाहिरात देऊन घेतलं, तशी शाईनं नोंद आहे. त्याच्या शेजारी जातीचा रकाना. बापूनं तो जसाच्या तसा उतरवलाय.

तो शब्द मी इथे लिहीत नाही. ही वही देवाच्या कपाटात असते.

माझा अंदाज अचूक ठरला. घर आणि उत्सव, दोनच प्रश्न. साहेबांना सांगावंसं वाटलं, पण विषय घरगुती आहे.

शुक्रवार, २८ एप्रिल

निवळकरला आज येऊ नको म्हणून निरोप दिला. जेवणं झाल्यावर मेधाला बसवलं आणि बापूचं पत्र तिच्या हातात दिलं. तिला धक्का बसेल म्हणून शुभदाला पाणी आणून ठेवायला सांगितलं होतं.

तिनं पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं. म्हणाली, “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“वर्ष होईल. ओळख झाली त्या महिन्यातच त्यांनी सांगितलं. तुलाही सांगायला आले होते. तू बोलू दिलं नाहीस.”

मी तिला कुलवृत्तांत काढून दाखवला. आपल्या शाखेत तुझं नाव कुठे आहे, त्यापुढे नवऱ्याच्या नावाची रिकामी जागा आहे, तिथे काय छापायचं ते तूच सांग, म्हटलं. ती म्हणाली, जागा रिकामी ठेव. असली उर्मट उत्तरं ती पूर्वी देत नसे.

शुभदा मध्येच म्हणाली, “अहो, टायफॉइडात त्यांच्या हातचं पाणी प्यायले मी. काय झालं मला?” मी तिला गप्प बसायला सांगितलं. शुक्रवारची ताटं-वाट्या काढून खालच्या वॉचमन मुख्तारला देऊन टाकली. स्टीलला काही होत नाही, असं शुभदाचं म्हणणं. नव्या ताटांना काही फार पैसे पडत नाहीत.

बुधवार, ३ मे

दोन रात्री विचार केला. निवळकर इथे राहिला तर मेधा ऐकणार नाही. तेव्हा तो इथे राहता कामा नये. यात राग नाही. तो आपल्या देशात कुठेही नोकरी करू शकतो, ड्राफ्ट्समनला तोटा नाही.

मेमो मी स्वतःच तयार केला. शाळेच्या नोंदीत आणि पासपोर्टात आडनाव वेगळं असल्याचं निदर्शनास आलं आहे, सबब ओळखीबद्दल शंका निर्माण होते, कॉन्ट्रॅक्ट रद्द करून व्हिसा कॅन्सल करावा. प्रत्येक वाक्य खरं आहे. गॅझेटाचा उल्लेख केला नाही, तो करण्याचं कारण नव्हतं. साहेब सह्यांच्या फोल्डरवर कधी नजर टाकत नाहीत, माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. तेवीस कागद होते. तो सतरावा.

साडेतीनला पाचवं प्रकरण घेतलं. कागोंना लग्न आपापसातच करावं लागे. बाहेरच्या मुलीशी लग्न करणाऱ्या एकाला गावानं हाकलून दिलं, त्याची हकीकत. फार परिणामकारक झालंय.

बुधवार, १० मे

पर्सोनेलच्या फारुखनं काल कागद इमिग्रेशनला पाठवले आणि आज निवळकरला बोलावून हातात तिकिटाचं पत्र दिलं. खलास, असं त्यानं हात झटकून सांगितलं म्हणे.

निवळकर सरळ माझ्या टेबलापाशी आला. हातात गॅझेटाचा पिवळा पडलेला कागद होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. म्हणजे तो कायम जवळ बाळगत असावा. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “फाटकसाहेब, नाव माझ्या बापानं बदललं. शाळेत जुनं नाव घातलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. बाहेर बसवायचे मला. म्हणून बदललं.”

मी म्हणालो की याचा माझ्याशी संबंध नाही, मेमो कंपनीचा आहे.

“टायपिंग तुमचं आहे. तुम्ही स्वल्पविरामानंतर दोन जागा सोडता. तुमचे कागद दोन वर्षं वाचतोय मी.”

मग तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दहा-बारा मिनिटं होता. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेला.

साहेबांनी मला आत बोलावलं. सही आपलीच आहे का, विचारलं. आपलीच, सर. तो माणूस जे कारण सांगतोय ते खरं का? मी म्हणालो, कारण मेमोत दिलेलं आहे. कागद इमिग्रेशनला गेले का? काल गेले. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “हे मागे घ्यायचं तर मी न वाचता सह्या करतो असं हेड ऑफिसला लिहून द्यावं लागेल.” “माझे पाच महिने राहिलेत,” असं ते काचेकडे बघून म्हणाले. थोड्या वेळानं खुर्चीत बसले आणि मला वही काढायला सांगितली.

सहावं प्रकरण. एका गावात एक कागो सुतार सणाच्या दिवशी मोठ्या दारातून चर्चमध्ये शिरला. लोकांनी त्याला दारातच धरलं. गावचा न्यायाधीश पहिल्या बाकावर होता. त्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा प्रार्थनेचं पुस्तक वाचू लागला. इथवर सांगून साहेब थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. एसीनं त्यांचा आवाज बसला असावा. सव्वाचारलाच मला जायला सांगितलं.

गुरुवार, १८ मे

निवळकरचं विमान चार वाजता होतं. मी अर्धी रजा घेऊन घरी राहिलो, कारण मेधानं सकाळी बॅग भरली होती.

“दादा, माझा पासपोर्ट दे,” एवढंच ती म्हणाली. पासपोर्ट ऑफिसात माझ्या खणात आहे, किल्ली माझ्या जानव्याला आहे. मी तिला तासभर समजावलं. आईचं काय म्हणणं असतं ते सांगितलं. ती बॅगेवर बसून राहिली. मधून एकदा म्हणाली की ते मुहर्रकला विमानतळाच्या दारात थांबलेत, निदान निरोप तरी द्यायला जाऊ दे. मी नाही म्हणालो. असल्या निरोपांना अंत नसतो.

चार वाजून वीस मिनिटांनी घरावरून विमान गेलं. ते कोणतं होतं सांगता येत नाही, इथून दिवसभर जातच असतात. मेधा उठली आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावून ठेवले, एकेक, घड्या मोडून पुन्हा घालून. शुभदानं गॅस पेटवलाच नाही. आम्हा तिघांनाही उपास घडला.

शनिवार, १५ जुलै

पोस्टाच्या पेटीत निवळकरचं आणखी एक पत्र, मेधाच्या नावचं. आजवर सात झाली. पेटीची किल्ली माझ्याकडे असते. सगळी ‘पत्ता चुकीचा’ असा शेरा मारून परत केली. एकही उघडलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

बालवाडीची नोकरी मी तिला सोडायला लावली. दुपारभर ती खिडकीपाशी असते. बोलत नाही, पण काम सगळं करते.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

क्रेस्तियासाहेब आज गेले. पुस्तक आठव्या प्रकरणापर्यंत आलंय, बाकीचं तिकडे जाऊन पुरं करणार. निरोपाच्या वेळी ते ओळीनं सगळ्यांशी हात मिळवत आले, टी-बॉय, ड्रायव्हर, फारुख. माझ्यापाशी येईपर्यंत गाडी आली असावी. मी हात पुढे केला होता. गडबडीत राहून गेलं.

मंगळवार, १२ डिसेंबर

मेधाचं जमलं. बापूनं शोधलेलं स्थळ. मुलगा बँकेत आहे, वय छत्तीस. घराणं तर असं की त्यांच्या कुलवृत्तांताची दोन खंडांत आवृत्ती निघाली आहे, तेरा पिढ्या, इनामाच्या सनदांच्या नकलांसकट. मी दोन्ही खंड मागवून घेतले आणि पानन्‌पान तपासलं. आईकडून, आजीकडून, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. बिजवर आहे, एवढंच. पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली. मूल नाही, तेव्हा पुढे कटकट नाही. कशानं वारली, असं शुभदानं विचारलं. अशा वेळी ते विचारणं बरं दिसत नाही.

मेधाला सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” सहा महिन्यांत माझ्याशी बोललेला हा तिचा पहिला शब्द. मला हायसं वाटलं.

सोमवार, ५ मार्च १९७९

रजेवरून परतलो. लग्न यथासांग पार पडलं. सासरच्यांनी मानपानात थोडी कुरकुर केली, पण मोठ्या घरांत तशी रीत असते. मंगलाष्टकांच्या वेळी मेधा इतकी स्थिर उभी होती की छायाचित्रकारानं तिचं कौतुक केलं. पासपोर्ट मी तिच्या सासऱ्यांच्या स्वाधीन केला.

रविवार, २१ सप्टेंबर १९८०

मेधाचं पत्र. वर्षात हे दुसरं. पोस्टकार्डच. लिहिते की मला थोडे दिवस तिकडे बोलाव, पाठ भाजल्यामुळे उताणं झोपता येत नाही, शुभदावहिनी असती तर तेल लावून दिलं असतं. लहानपणापासून ती स्वयंपाकघरात धांदरट आहे. शुभदानं पत्र तीन वेळा वाचलं आणि आजच तिकीट काढा म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, उलट माहेरपणासाठी परदेशी बोलावणं त्या माणसांना अपमानाचं वाटेल. मेधाला सविस्तर उत्तर लिहिलं, सहनशक्ती कशी वाढवावी याबद्दल. सासऱ्यांनाही एक प्रत पाठवली, म्हणजे गैरसमज नको.

बुधवार, १९ ऑगस्ट १९८१

तार आली. सोमवारी सकाळी स्टोव्हचा भडका उडाला. मेधा गेली.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

मी जाऊन उपयोग नव्हता, दहन त्याच दिवशी झालं. स्नान केलं, दान दिलं. सासऱ्यांचं पत्र येईलच.

शुभदा दोन दिवस एकच वाक्य बोलते आहे. त्यांच्याकडे गॅस आहे, लग्नात आपणच शेगडी दिली, मग स्टोव्ह कशाला? मी म्हणालो, सिलिंडर संपला असेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच उठून गॅलरीत जावं लागलं. बाहेर दमट हवा होती.

शनिवार, १२ सप्टेंबर

सासऱ्यांचं पत्र. दिवसकार्य शास्त्रोक्त झालं, काही कमी केलं नाही. पोलिसांचाही काही त्रास झाला नाही, ओळखी आहेत. कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीसाठी त्यांनी मेधाची जन्मतारीख विचारली आहे. मृत्यूची त्यांच्याकडे आहेच. आमच्या प्रतीतही तिच्या नावापुढची जागा मी भरून ठेवली. अक्षर चांगलं आलं.

रविवार, २२ नोव्हेंबर

पुन्हा त्यांचंच पत्र. मुलगा अवघा एकोणचाळीसचा, घरात बाईमाणूस हवं. साताऱ्याकडचं एक स्थळ आलंय, मुलगी चोवीस वर्षांची, गरिबाघरची. पण तिचं आडनाव थोडं अपरिचित आहे. तुम्ही या विषयातले जाणकार, तुमची रीत अचूक आहे असं बापूंकडून ऐकलं, तेव्हा मुलीच्या घराण्याची खातरजमा तुम्हीच करून द्याल का, अशी विनंती आहे.

इतकं सगळं होऊनही त्यांनी संबंध तोडला नाही, विश्वासानं विचारलं, याचं मला बरं वाटलं. शुभदाला पत्र वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “त्या मुलीच्या बापाचा पत्ता आहे ना त्यात? मला द्या. मी लिहिते त्यांना, काय लिहायचं ते.”

शुभदाला हल्ली कुठे काय बोलावं याचं भान राहत नाही. पत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग टेबलाशी बसलो आणि साताऱ्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे चौकशीचं पत्र लिहिलं: मुलीच्या वडिलांचं घर गावात नेमकं कुठे आहे, आणि उत्सवाच्या दिवशी घरची माणसं कुठे उभी राहतात. उद्या ऑफिसला जाताना पोस्टात टाकतो.